आत्याने कप हलवला नाही

माझी कॉलेजातली मैत्रीण त्या वर्षी एका सत्रासाठी स्पेनला गेली आणि मी ओमानला आले. ती स्पॅनिश शिकत होती, मी अरबी. सुट्टीच्या दिवशी ती पाठीला सॅक लावून एकटीच कुठल्यातरी जुन्या शहरात जायची आणि मला राजवाड्याचे, कारंज्यांचे आणि स्वतःच्या उडत्या केसांचे फोटो पाठवायची. मी तिला मस्कतमधल्या होस्टेलच्या डाळीचा फोटो पाठवायचे. डाळ चांगली असायची, पण फोटोत ती डाळच दिसायची.

माझं खरं दुखणं वेगळं होतं. दोन महिने होत आले तरी वर्गाबाहेर मी अरबीत एक धड वाक्य बोलले नव्हते. एक तर मस्कतमध्ये माझा चेहरा बघितला की दुकानदार थेट हिंदीत सुरू व्हायचा. आणि दुसरं म्हणजे माझी भित्री जीभ. लेखी परीक्षेत पहिली यायची सवय, त्यामुळे चुकायची सवयच नव्हती. वर्गातला कोरियन मुलगा वाक्यागणिक तीन चुका करत खुशाल बोलायचा आणि मी मनातल्या मनात त्याच्या चुका सुधारत गप्प बसायचे.

आमच्या बाई ओमानी होत्या, आवाजाने मऊ आणि शिस्तीने कडक. त्यांनी एका बुधवारी मला थांबवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की येत्या रविवारी, शुक्र-शनिवारची सुट्टी संपली की, वर्गासमोर उभं राहून, एखाद्या अनोळखी माणसाशी अरबीत काय बोललीस ते अरबीतच सांगायचं. नाही जमलं तर खालच्या वर्गात बसायचं. खालच्या वर्गात बसणं म्हणजे सत्र फुकट, आणि सत्र फुकट म्हणजे "अरबी शिकून काय उंटांशी बोलणार आहेस?" असं विचारणाऱ्या बाबांचं बरोबर ठरणं. ते मला अजिबात परवडणारं नव्हतं.

मी ठरवलं, शुक्रवारी निझव्याला जायचं. जुनी राजधानी, मोठा किल्ला, आणि शुक्रवारी सकाळी भरणारा बकऱ्यांचा बाजार. तिथे कोण बोलणार हिंदी? बसने एकटीच जाणार होते, मैत्रिणीसारखी, पाठीला सॅक लावून. माझी चूक एवढीच झाली की हा बेत, रविवारच्या अटीसकट, मी मस्कतच्याच अल हैल भागात राहणाऱ्या मावशीला फोनवर सांगितला.

शुक्रवारी पहाटे होस्टेलच्या दारात काकांची गाडी उभी होती. काका म्हणजे मावशीचे यजमान, अझैब्यातल्या एका कंपनीत इंजिनियर, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून ओमानात. गाडीत मावशी होती, बर्फाची पेटी होती, दोन सतरंज्या, इडल्यांचा डबा, आणि मागच्या सीटवर नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर धरून आत्या. ही काकांची थोरली बहीण, चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आलेली. घरातले सगळे तिला आत्या म्हणत म्हणून मीही. आत्याला हिंदी येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. भेटेल त्याच्याशी ती मराठीत बोलायची, आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच पुन्हा जरा मोठ्याने बोलायची.

वाटेत काकांनी आम्हाला ओमानी रीतिरिवाज शिकवले. मुख्य धडा कहव्याचा, म्हणजे इथल्या बिनदुधाच्या कडू कॉफीचा. तुम्हाला कोणी बसवून घेतलं की छोट्या बिनकानाच्या कपात कहवा देणार. कप रिकामा झाला की पुन्हा भरणार. नको म्हणून उपयोग नाही. पुरे झाला की कप असा दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचा. काकांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण हलवून दाखवलं, गाडी थोडी दुसऱ्या लेनमध्ये गेली, मावशी ओरडली. आत्याने मात्र झाकण मागून घेतलं आणि दोनदा हलवून बघितलं. "सोपं आहे गो," ती म्हणाली.

निझव्यात पोचल्यावर मी सगळ्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिले, म्हणजे मी एकटी आले आहे असं वाटावं. पहिलं दुकान मडक्यांचं होतं. पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला, डोक्याला शाल गुंडाळलेला, दाढी पिकलेला मालक. मी मनात तीनदा घोकलेलं वाक्य अरबीत म्हटलं. तो खूश होऊन म्हणाला, "आओ आओ, देखने का पैसा नहीं. मुंबई से? मेरा बाबा का घुटना मुंबई में बनाया." मी पुन्हा अरबीत विचारलं. त्याने पुन्हा हिंदीत उत्तर दिलं, मग काका आले, मग दोघं मुंबईतल्या दवाखान्यांवर बोलत बसले. हलव्याच्या दुकानात तेच झालं, खजुरांच्या दुकानात तेच. खजूरवाल्याने तर मला माझं हिंदी चांगलं आहे असं सांगितलं. मला रडायला येत होतं.

बकऱ्यांच्या बाजारात गोल कट्ट्याभोवती माणसं बसली होती आणि विकणारे आपापली बकरी दोरीने ओढत गोल फिरत भाव ओरडत होते. तिथे सगळेच अरबीत बोलत होते, पण इतक्या वेगाने की मला आकडेसुद्धा कळेनात. मी एक फोटो काढला, त्यात एका बकरीचं ढुंगण आलं. काका म्हणाले, यल्ला, चला, ऊन व्हायच्या आत किल्ला बघू. ते आणि मावशी पुढे गेले. मी वळून बघते तर आत्या गायब.

आत्या सापडली भिंतीच्या सावलीत, एका चटईवर. शेजारी तिच्याच वयाची एक ओमानी म्हातारी, चेहऱ्यावर कडक मुखवट्यासारखा बुरखा, पुढ्यात थर्मास आणि खजुरांची ताटली. आपली एक बकरी विकून ती निवांत बसली होती आणि आत्या पाय दुखले म्हणून तिच्या शेजारी जाऊन टेकली होती. अनोळखी बाई शेजारी टेकली म्हणजे ती पाहुणी झाली, आणि पाहुणीला कहवा दिलाच पाहिजे. आत्या तिला मराठीत सांगत होती, ती आत्याला अरबीत, आणि दोघींचा आवाज चढत चालला होता.

"बरी आलीस," आत्या म्हणाली. "विचार गो हिला, गुडघे दुखतात काय?"

इथे हिंदी चालणार नव्हतं. म्हातारीला ते येतच नव्हतं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी डोळे मिटून पुस्तकातलं अरबी बाहेर काढलं, आणि ते साधारण असं निघालं, "हे आदरणीय माते, आपले उभय गुडघे आपणांस पीडा देतात काय?" म्हातारी थक्क झाली. तिने मला विचारलं, तू टीव्हीवर बातम्या देतेस का? मग ती इतकी हसली की तिचा बुरखा हलला, आणि उजव्या गुडघ्याची सगळी कहाणी तिने मला सावकाश, लहान मुलाला सांगावी तशी सांगितली.

त्यानंतर मला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. आत्याच्या चौकशा संपत नव्हत्या. मुलं किती, बकरी दूध किती देते, घरात पाणी कुठून येतं, मालक कधी गेले. आत्याचे मालकही त्याच सुमारास गेले होते, हे मी सांगितल्यावर म्हातारीने आत्याचा हात हातात घेतला. सून कशी आहे, हे विचारल्यावर तिने वर बघून नुसता सुस्कारा टाकला, त्याचं भाषांतर आत्याला लागलं नाही. मी म्हातारीला पुरुषासारखं संबोधत होते, काल आणि उद्या यांची सरमिसळ करत होते, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही वाटेनासं झालं.

मधल्या काळात दुसरंच एक युद्ध पेटलं होतं. म्हातारी आत्याचा कप भरत होती, आत्या तो संपवत होती. आत्याने वड्यांचा डबा उघडला. "घे गो, अजून एक, माझी शपथ," असं म्हणून ती वडी पुढे करायची, म्हातारी छातीवर हात ठेवून नको म्हणायची आणि उलट थर्मास उचलायची. आग्रहात हरणं दोघींनाही माहीत नव्हतं. कहवा कडू, त्यात आत्याला चहासुद्धा साखरेच्या पाकासारखा गोड हवा असतो. तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं होतं. मी तिला हळूच खुणेने कप हलवून दाखवला. तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि कप पुढे केला. "हिला विचार," ती म्हणाली, "पावसात बकऱ्या कुठे बांधते?" पाऊस पडतोच कधी, असं म्हातारीचं उत्तर आलं, आणि त्यावरून आणखी अर्धा थर्मास गेला.

शेवटी काका आम्हाला शोधत आले. त्यांनी आत्याला लांबूनच कप हलवायची खूण केली, मग जवळ येऊन केली, मग मराठीत सांगितलं. आत्या ढिम्म. तेव्हा काकांनी तिच्या हातातून कप काढून घेतला आणि स्वतःच गदागदा हलवला. "खलास," ते म्हणाले. म्हातारीने हसत थर्मासचं झाकण लावलं. निघताना तिने माझ्या गालाला हात लावला आणि पुन्हा ये म्हणाली. हे वाक्य मला एकदम समजलं, मनात त्याचं मराठी न करता.

परतीच्या वाटेवर इतक्या कहव्याने आत्याची छाती धडधडत होती. काका मस्कत जवळ येईपर्यंत तिला बोलत होते की झाकणावर शिकवलं तरी ऐन वेळी विसरलीस. आत्या खिडकीला डोकं टेकून बसली होती. किल्ला मी पाहिलाच नाही. मैत्रिणीला मी बकरीचा फोटो पाठवला, तिने उत्तरादाखल एक कारंजं पाठवलं.

रविवारी मी वर्गासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, गुडघा, सून, वड्या, काकांनी हलवलेला कप, सगळं. चुका करत सांगितलं. कोरियन मुलगा मोठमोठ्याने हसला आणि मला फार बरं वाटलं. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, तू इथेच बसायचंस. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तुझ्या आत्याला कप हलवायचं माहीत होतं, तर तिने हलवला का नाही? मी म्हटलं, विसरली असेल. त्या म्हणाल्या, विसरली नसेल. तिला विचार.

संध्याकाळी मी अल हैलला पेढे घेऊन गेले. आत्या ओट्याशी नारळ खवत होती. पास झाले सांगितल्यावर तिने हातातला नारळ न ठेवताच मान डोलावली. मी बाईंचा प्रश्न तिला विचारला.

"विसरेन कशाला?" ती म्हणाली. "हलवला असता तर उठायला लागलं असतं. तू आत्ता कुठे बोलायला लागली होतीस."

आत्याने खवलेला नारळ ताटात सारखा केला. मग म्हणाली, "पण त्या बाईने माझ्या दोनच वड्या खाल्ल्या. पुन्हा गेलीस तर सांग तिला."