भट्टीची नोंदवही

दसऱ्याचा झेंडू बाजारात आला की मला ती घटना आजही आठवते. घरात सांगायला बसलो की बायको मध्येच म्हणते, "तेच ना, ज्यात तुमी काहीच केलं नोतं?" मी काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, हे तिला अजून पटलेलं नाही.

तेव्हा मी सेलूच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत संरक्षण साहित्य बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं संशोधन केंद्र होतं. आत काय चालतं ते आम्हाला कळत नसे आणि आम्ही विचारतही नसू. त्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. रायफलींना हळद-कुंकू लावून, शस्त्रांच्या रजिस्टरवर फूल ठेवून मी नारळ फोडणार, तोच कंपनीचे सुरक्षा अधिकारी आले. निवृत्त सुभेदार, मिशा टोकदार. म्हणाले, "संशोधनाची नोंदवही चोरीला गेली आहे."

रॉकेटच्या नळकांड्याचे जोड चिकटवणारा एक लेप तिथे तयार होत होता. लेप लावलेल्या धातूच्या पट्ट्या भट्टीत ठेवायच्या, दिवसातून चार वेळा तापमान आणि ताण मोजायचा, वहीत लिहायचा. चौदा महिने एकही खाडा नव्हता. त्या खोलीत फोन आणि संगणक नेण्यास मनाई असल्यामुळे सगळं हातानेच लिहिलेलं, तेही एकाच वहीत. वही बाहेरच्या कोणाच्या हाती लागली तर प्रकरण थेट दिल्लीपर्यंत जाणार होतं.

वही जागेवर नाही हे पहिल्यांदा कळवलं ते आकडे लिहिणाऱ्या तंत्रज्ञ बाईनेच. समुद्रपूर तालुक्यातल्या शेतकरी घरची, तिशीची, कंत्राटी नोकरीवर. माझा जुना अनुभव असा की सगळ्यात आधी ओरडतो त्याच्या खिशात आधी हात घालावा. मी खोलीला सील ठोकलं. ती दारात उभी राहून म्हणाली, "साहेब, चार वाजताचा आकडा तरी घेऊ द्या. सुट्ट्या कागदावर लिहीन."

संशयित बाई घटनास्थळी पुन्हा जायला बघते! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बसस्टँडवरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. तो कानाशी लागला, "साहेब, नवमीच्या संध्याकाळी त्या कंपनीवाल्या बाईनं एका मानसाले लाल गाठोडं देल्लं. तो समुद्रपूरच्या गाडीत बसला. चहासुद्धा नाई घेतला."

चहासुद्धा न घेता गेला म्हणजे नक्कीच गडबड, असं आमचं दोघांचंही मत पडलं.

महिला शिपाई समोर बसवून चौकशी सुरू केली. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून रोज सकाळी बोलवायचं आणि दिवस मावळायच्या आत सोडायचं. तिचा फोन पंचनामा करून जप्त केला, बंद केला, कपाटात ठेवला.

"गाठोडं कोणाला दिलं?"

"माह्या भावाले."

"आत काय होतं?"

पहिला दिवस याच प्रश्नावर गेला. दुसऱ्या दिवशी मी सरकारी गुपितांच्या कायद्याचं नाव काढलं, तेव्हा तिचे डोळे भरले. "चौदा महिने मी आकडे लिवले, साहेब. ताप आला तरी गेली. मीच माही वही चोरीन काऊन?"

"मग गाठोड्यात काय होतं?"

"निर्माल्य होतं."

"कोणत्या देवाचं?"

"भट्टीचं," ती खाली बघत म्हणाली. "खंडेनवमीले आम्ही भट्टीची पूजा केली. आत पूजेले मनाई हाय. सांगतलं तर सगळ्यायची नोकरी जाईन."

मी तिच्या साहेबांना विचारलं. विभागाचे प्रमुख, मोठे शास्त्रज्ञ, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. चष्मा पुसत म्हणाले, "हे संशोधन केंद्र आहे, इन्स्पेक्टर. आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत." एवढा शिकलेला माणूस कशाला खोटं बोलेल? बाईच खोटारडी, असं मी ठाण्याच्या डायरीत जवळजवळ लिहिलंच. लिहिलं नाही ते पेनाची शाई संपली म्हणून. त्यात माझं शहाणपण शोधू नका.

चौथ्या दिवशी सील काढून, डॉक्टरसाहेबांना बरोबर घेऊन भट्टीची खोली नीट पाहायला गेलो. समोरून भट्टी चकचकीत होती. मागे वाकलो तर वायरीच्या झाकणावर हळद-कुंकवाची पाच बोटं. माणूस पुरावा पुसतो तो लोकांना दिसणाऱ्या बाजूचा. मी नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरसाहेब स्टुलावर बसले.

"दर वर्षी करतो," ते हळूच म्हणाले. "एक वर्ष केली नाही, तर भट्टी दोनदा बंद पडली होती. मला माहीत आहे, त्याचा काही संबंध नाही. पण..."

"पूजेत काय काय ठेवलं होतं?"

"नारळ, फुलं." मग त्यांचा चेहरा बदलला. "आणि नोंदवही. लाल फडक्यात गुंडाळून. पोथीसारखी."

पुढचं सरळ होतं. सुरक्षेची फेरी येते आहे असं कळल्यावर घाईघाईने दिवा मालवला, आणि बाईने पाटावरचं सगळं मोठ्या फडक्यासकट उचलून गाठ मारली. आत वहीही आहे, हे गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकणार? नदीत सोडायला भावाकडे दिलं. मी सुभेदारांना विचारलं, फाटकावर पिशव्या तपासतात ना? त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, वरून फुलं दिसली. देवाचं होतं. मी हात जोडले आन् जाऊ देल्लं."

वही नदीत गेली असं धरूनच मी ठाण्यात परतलो. भावाचा नंबर हवा म्हणून बाईसमोर तिचा फोन सुरू केला, तोच तो वाजला. मी आवाज मोठा केला. पलीकडे तिची आई होती.

"अवो पोरी, तीन दिवस झाले, फोन काऊन नाई उचलत व? ते पोथी कोणती धाडली तू? तुह्या भावानं गाठोडं सोडलं नदीवर, तर आत पोथी. हळद-कुंकू लावलेली. थे पाण्यात कशी टाकाव? मी देव्हाऱ्यात ठेवली. रोज दिवा लावून राह्यली. पण आरती कोणती म्हनाची, थे सांग!"

महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. बाई मात्र टेबलावर डोकं ठेवून रडली.

बाई, सुभेदार आणि डॉक्टरसाहेबांना घेऊन आम्ही जीपने तिच्या गावी गेलो. देशाचं गुपित अन्नपूर्णेच्या शेजारी, जास्वंदीखाली बसलं होतं. मी हात पुढे केला तर म्हातारी कडाडली, "थांबा! अशी उचलतेत का? आधी उत्तरपूजा." सुभेदारांनी बूट काढले, डॉक्टरसाहेबांनी अक्षता वाहिल्या. म्हातारीने वही जरा हलवली, नमस्कार केला, मगच दिली.

गुन्हा दाखल झाला नाही. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. पण बाईने वही उघडून शेवटचं पान पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"चार दिवस कोरे हायेत," ती म्हणाली. "पट्ट्या भट्टीत होत्या, पन आकडे नाई. पुन्हा पहिल्यापासून करा लागन."

डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. चौदा महिने गेले होते. वही तर नदीवरूनसुद्धा सुखरूप परत आली होती. काम बुडवलं ते माझ्या सीलने.

संशय घेणं हा आमचा पेशा आहे, त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण संशय घेताना समोरचा माणूस नक्की काय मागतो आहे, ते ऐकायचं असतं. ती पुराव्यापाशी जायला बघत नव्हती, कामावर जायला बघत होती. एवढा फरक ओळखायला मला चार दिवस आणि एक म्हातारी लागली.

तिने वही माझ्यापुढे सरकवली. "साहेब, इथं शेरा लिहा लागते, आकडा काऊन नाई घेतला त्याचा. मी लिवला तर माहाच कामचुकारपणा दिसन. कंत्राट संपत आलं हाय माहं."

नोकरीत मी शेकडो लोकांचे जबाब घेतले. माझा स्वतःचा तो पहिलाच. लिहिलं, 'पोलीस निरीक्षकांनी चुकीच्या संशयावरून खोलीस सील लावल्यामुळे नोंद घेता आली नाही. कर्मचाऱ्याचा दोष नाही.' खाली सही केली.

तिने वाचलं आणि वही परत माझ्याकडे फिरवली.

"चार दिवसांच्या चारही ओळींत लिहा, साहेब. आन् दर ओळीले सही पाह्यजे."