तिसरा पुकारा

परवा जुना मोबाइल चार्ज केला आणि कायद्याच्या गेममधला हातोडा ठक्‌कन वाजला. देवासला वकिली शिकत होते तेव्हा तो गेम मामांना खेळायला दिला होता. धारच्या कोर्टाच्या दारात त्यांनी जन्मभर नावं पुकारली होती. पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याची बोटं धोतराला पुसून त्यांनी मोबाइल घेतला. गेमने विचारलं: साक्षीदार गैरहजर, वॉरंट की पुढची तारीख? मामा काहीच दाबेनात. “मामा, वेळ संपतोय!” “संपू दे गं. तीनदा पुकारल्याशिवाय गैरहजर कसा? अमझेऱ्याची बस लेट असते, त्याचं काय?” मामा हरले, मी खूप हसले. आता न्यायाधीश मीच आहे. काल एका साक्षीदाराचे दोन पुकारे झाले, कोर्टाच्या बाबूंनी ‘गैरहजर’ लिहायला पेन उचललं. मी म्हणाले, “एक बार और.” तिसऱ्या पुकाऱ्याला एक म्हातारी, चपला हातात घेऊन, धापा टाकत दारात उभी राहिली.