आम्रपालीताईंनी ओळखलेला पोपट

महाडात कुणाच्या दारी अनोळखी पोपट येऊन बसला की आम्रपालीताईंना बोलावणं जायचं. अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई, पण या एका बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. महाडात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे, तरी गल्लोगल्ली पिंजरे टांगलेले असतात.

थव्यातला कोणता पोपट घरातून सुटलेला, हे त्या कानानं ओळखायच्या. रानातला नुसता किंचाळतो, सुटलेला बोलतो. ‘राम राम’ म्हणाला तर पेठेकडचा, ‘जय भीम’ म्हणाला तर आपल्या वस्तीतला. मग पिंजऱ्यात पेरूची फोड ठेवायची, दाराला दोरी बांधून दबा धरायचा आणि पकडलेला पोपट मालकाच्या हवाली करायचा. पोलादपूरपर्यंत जाऊन त्यांनी हे केलं होतं. माणसाळलेल्या पोपटाला रानातले पोपट टोचून मारतात, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. खरंखोटं कधी पाहिलं नव्हतं, पण आपण जीव वाचवतो याची त्यांना बालंबाल खात्री होती.

त्यांचा स्वतःचा पोपट, रावजी, महापुरात गेला. सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माळ्यावर चढता चढता त्यांच्या नवऱ्यानं, अश्वजितनं, पिंजऱ्याचं दार उघडून दिलं. पुढे वर्षभरात अश्वजितही गेला. त्याचे फोटो भिंतीवर होते, आवाज मात्र कुठेच उरला नव्हता. तो हुबेहूब काढायचा एकटा रावजी, आणि रावजीला थव्यानं केव्हाच संपवलं असणार, असं ताईंनी मनाशी धरलं होतं. दोघांसाठी त्या एकदमच रडायच्या.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची रेश्मा धापा टाकत आली. चवदार तळ्याजवळच्या झाडावर एक पोपट तुमचं नाव घेतोय मावशी, म्हणाली. ताई चपला न घालताच निघाल्या. झाडाखाली उभ्या राहिल्या आणि वरून आवाज आला, “पाली, चहा ठेव गो.”

ताई कान देऊन ऐकत राहिल्या. आधी घसा खाकरून मग बोलायची तऱ्हासुद्धा अश्वजितचीच. ‘पाली’ अशी हाक मारणारा माणूस जगात एकच होता, आणि ती ऐकलेला पोपटही एकच. आणखी काय ओळख पटवायची?

पिंजरा आणून ठेवला, तसा पेरूला पोपट लगेच भुलला. रेश्मानं विचारलं, की रावजीच्या गळ्याला लाल कंठ होता ना, याला कसा नाही? वयानं उडाला असेल, असं ताईंनी तिला वाटेला लावलं. वयानं कंठ उडत नाही, उलट वय झाल्यावरच येतो, हे सांगणाऱ्या एरवी त्याच. त्या दिवशी त्यांना काही पाहायचंच नव्हतं. रावजी पुन्हा जाऊ नये म्हणून त्यांनी संध्याकाळच्या आत त्याचे दोन्ही पंख कात्रीनं छाटले.

पोपट मिरचीला तोंड लावेना. गजांवर धडका देऊन त्यानं चोच रक्तबंबाळ करून घेतली. रान अंगात मुरलंय, निघेल हळूहळू, असं ताई म्हणायच्या. पण सकाळ झाली की तो चहा मागायचा, आणि ताई मन लावून दोन कप चहा ठेवायच्या. कित्येक दिवसांनी त्यांना घर घरासारखं वाटत होतं.

एका सकाळी आधण उकळत असताना तीच हाक खिडकीबाहेरून आली. ताईंनी वळून पाहिलं. शेवग्याच्या फांदीवर एक थोराड पोपट होता, गळ्याला गडद लाल कंठ. डाव्या पायाचं एक बोट अर्धं तुटलेलं. ते बोट पिंजऱ्याच्या दारात सापडून तुटलं होतं, त्यावर हळद ताईंनीच दाबली होती.

रावजी खिडकीत आला, पिंजऱ्याला लटकला. आतल्या पोपटानं छाटलेले पंख थरथरवत चोच उघडली आणि रावजीनं गजांमधून त्याला घास भरवला.

रावजीला कुणी टोचलं नव्हतं. थव्यात त्याचा संसार झाला होता, आणि बापाच्या तोंडचं ऐकून पोर बोलायला शिकलं होतं. त्या पोरानं पिंजरा कधी पाहिलाच नव्हता. आजवर बोलतात म्हणून आपण धरून दिलेले, त्यांतले किती जण असेच रानात जन्मलेले असतील? ताईंनी आधण खाली उतरवलं.

त्यांनी पिंजऱ्याचं दार सताड उघडलं. पोर बाहेर आलं, फडफडलं आणि फरशीवर आपटलं. रेश्मा आवाज ऐकून आली. “नवी पिसं येतील मावशी,” ती म्हणाली, “पण महिने लागतील.”

ताईंनी त्याला उचलून पदरात घेतलं. त्यानं त्यांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. त्यांनी बोट सोडवून घेतलं नाही.

“चाव,” त्या म्हणाल्या. “मी तुला वळखलंच नाय रे.”

बाहेर शेवग्यावर अश्वजितच्या आवाजात चहाची हाक चालूच होती, आणि त्यालाही धरून ठेवायचा मोह होऊ नये म्हणून ताईंनी उठून खिडकी लावून घेतली.