दोन कॅन पाणी

“एवढं शेवटचं, ताई,” म्हणत मॅडम हात धुऊन कोपरानं कॅनची तोटी बंद करायच्या. वर्गाच्या दारापर्यंत जायच्या आणि पुन्हा धुवायला परत फिरायच्या.

चाकूरजवळच्या आमच्या शाळेत मॅडम आणि मी, आम्ही दोघीच शिक्षिका. वर्षातला बराच काळ टँकरचं पाणी यायचं. ते मुलांच्या पिण्याचं, म्हणून मॅडम लातूरहून एसटीनं स्वतःचे दोन कॅन आणायच्या. कंडक्टर विचारायचा, “मॅडम, शाळेला निघालात का लग्नाला?” त्या हसायच्या. हात मात्र पदराखाली. धुऊन धुऊन त्यांना भेगा पडल्या होत्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना ‘सोवळी’ म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच केलं होतं. मग एका दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, “हात साफ हायत हे मला कळतंय, ताई. तरी डोकं ऐकत न्हाई. लेक जवळ आली की मी मागं सरकते.” लेक सात वर्षांची होती.

गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं, वर्षं गेली. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी एक शस्त्रक्रिया सुचवली. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा, त्यांना हलका करंट देणारी बॅटरी छातीत कातडीखाली. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं. मिस्टर घाबरले. अशा शस्त्रक्रियेला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळासमोर मॅडम स्वतः बसून आल्या.

“मला विचारलं त्यांनी, ह्यांना न्हाई,” हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. “तुम्हाला हवंय का, म्हणाले. मी व्हय म्हणले.”

ऑपरेशननंतर डोक्याला रुमाल बांधून त्या हजर झाल्या. कॅन दोनच.

बॅटरीचा जोर कमी-जास्त करायला मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. एकदा जोर वाढवला आणि त्यांना हसू आवरेना. “कशाला हसायले तेच कळंना. डॉक्टर बी हसले, मग कमी केलं त्यांनी.” हे सांगताना मात्र त्या स्वतःहून हसत होत्या.

सात-आठ महिन्यांनी एकच कॅन येऊ लागला. “विचार येतोच, ताई. पण त्याचं ऐकलंच पाहिजे असं न्हाई आता.”

पुढच्या वर्षी त्यांची रेणापूरकडे बदली झाली. आमच्या शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी पहिलीतली एक मुलगी मैदानात पडली. गुडघा फुटलेला, नाक गळतंय, अंगभर माती. मी पोचेपर्यंत मॅडमनी तिला मांडीवर घेतलं होतं. नाक पुसलं, गुडघा पुसला. बोटांना रक्त लागलं. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मी जागच्या जागी थांबले.

“मॅडम, फुंकर घाला की,” मुलगी म्हणाली.

त्यांनी घातली. मग तिला तशीच कडेवर घेऊन त्या वर्गात गेल्या आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन फळ्यावरचं अर्धवट राहिलेलं गणित पुढं लिहू लागल्या.