देवाचे चार, सरकारचे चार

सान मिगेल लास लाहास या डोंगरातल्या गावात टेलिफोन एकच होता आणि तो फिदेन्सिया मेरासच्या घरी, पुढच्या खोलीत होता. कंपनीने १९८५ साली तार ओढली तेव्हा गावसभेने हे काम तिच्या गळ्यात घातलं. तिला लिहिता-वाचता येत होतं, स्पॅनिश आणि गावची भाषा दोन्ही तिच्या जिभेवर होत्या, आणि घर बास्केटबॉलच्या मैदानाला लागून होतं. नवरा वारलेला, मुलगी शाळेत. बाई कुठे जाणार नाही, हेही सभेने हिशेबात धरलं असावं.

छपरावर भोंगा बसवला. फोन आला की फिदेन्सिया हातातली अर्धी विणलेली ताडाच्या पात्यांची टोपी बाजूला ठेवायची आणि माइक तोंडाशी धरायची. "तिया लिब्रादा, लेकीचा फोन आहे! चूल राहू दे, पळ!" गावात वडीलधाऱ्या बाईला तिया म्हणायचं, पुरुषाला तिओ. वीस मिनिटांनी लेक पुन्हा फोन करायची, तोवर आई धापा टाकत पोचलेली असायची. निम्मं गाव सीमेपलीकडे कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या द्राक्षमळ्यांत राबायला गेलेलं. त्यांची लग्नं, भांडणं, रडारड सगळं याच खोलीतून जायचं. फिदेन्सियाच्या कानावर सगळं पडे आणि तिथेच राही. पोटात ठेवणारी बाई म्हणून तिची ख्याती होती, आणि थोडी तोंडाळ म्हणूनही.

भोंगा मात्र वरच्या वाडीपर्यंत पोचत नसे. तिथे तिओ आबुंदियो राहायचे. सत्तरी ओलांडलेले, शेळ्या राखणारे, ताठ. त्यांचा एकुलता एक मुलगा विल्फ्रिदो फ्रेस्नोला होता. बाप-लेकाचं ठरलेलं होतं: दर महिन्याचा पहिला रविवार, दुपारी चार. तिथे तेव्हा दोन वाजलेले असत. तिओ दोन तास डोंगर उतरून यायचे, टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसायचे आणि पाच मिनिटं बोलून परत चढायला लागायचे.

१९९६च्या एप्रिलात सरकारने सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे करायला सांगितली. उन्हाळाभर ती तशीच राहणार, ऑक्टोबरात पुन्हा मागे येणार. गावप्रमुख एर्मिलोने सभेत कागद वाचून दाखवला.

"याने वीज वाचते म्हणतात," तो म्हणाला.

"माझ्या घरी एकच दिवा. तो अर्धा लावू का?" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि सूर्याला नोटीस पोचली का?" लिब्रादाने विचारलं. "का त्यालाही सभेला बोलवायचं?"

हशा पिकला आणि ठराव झाला. देऊळ, शेत आणि सभा देवाच्या, म्हणजे जुन्याच वेळेने चालणार. शाळेचे मास्तर आणि दवाखान्याचा डॉक्टर सरकारची माणसं, त्यांनी त्यांचं बघावं. टेलिफोनचं काय, हे कोणी विचारलं नाही. कंपनीचं पत्र आलं होतं, म्हणून फिदेन्सियाने भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे केलं आणि ती पुन्हा टोपी विणायला बसली.

पहिला रविवार ईस्टरचा होता. भिंतीवर चार वाजले आणि फोन आला.

"आले का बाबा?" विल्फ्रिदोने विचारलं.

"नाही रे अजून. मिरवणुकीत अडकले असतील. पुढच्या रविवारी कर, याच वेळेला. मी सांगते त्यांना."

"नक्की सांगा तिया. मी लग्न करतोय, चोवीस दिवसांवर आलंय. त्यांचा आशीर्वाद घ्यायचाय. मुलगी आपल्यातली नाही, दूरच्या सिनालोआ राज्यातली आहे, म्हणून मीच बोलतो."

तासाभराने तिओ आले. फिदेन्सिया दाराशीच म्हणाली, "मिरवणुकीतलं गोडधोड संपेपर्यंत थांबलात वाटतं! येऊन गेला फोन. आता पुढच्या रविवारी चारला, आणि या वेळी उशीर नको." लग्नाचं तिने सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क मुलाचा.

तिओ परत चढायला लागले. आपण उशिरा आलो असं त्यांना वाटत नव्हतं, पण बाईमाणसाशी वाद कशाला.

दुसऱ्या रविवारी पुन्हा भिंतीवर चार, पुन्हा फोन आणि पुन्हा रिकामा बाक.

"तुम्ही सांगितलं होतं ना?" विल्फ्रिदोने विचारलं.

"शपथेवर सांगते, सांगितलं होतं."

"मग त्यांना कळलंय. कोणीतरी सिनालोआच्या मुलीचं त्यांच्या कानावर घातलंय. राहू द्या तिया. परत त्यांना एवढा डोंगर उतरायला लावू नका." आणि त्याने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने तिओ दारात उभे. घामाने निथळलेले, पण चेहरा खुललेला. "आज अर्धा तास आधी आलोय," ते म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "तुझं घड्याळ बिघडलंय, फिदेन्सिया."

"बिघडलं नाही तिओ. ते सरकारचं..." आणि तिचं वाक्य तोंडातच राहिलं.

तिला एकदम सगळं दिसलं. फ्रेस्नोतही त्याच दिवशी घड्याळं पुढे गेली होती. तिथले दोन म्हणजे सरकारचे चार, पण देवाचे तीनच. तिने दोनदा "चार" म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा कोणाचे चार ते सांगितलं नव्हतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. तिला हे शब्द उच्चारायची सवय नव्हती. "तो दोन्ही वेळा वेळेवर होता, आणि तुम्हीही."

"तो परत करेल ना?"

"राहू द्या म्हणून त्याने फोन ठेवला," फिदेन्सिया म्हणाली. तिओंनी टोपी डोक्यावर चढवली. "माझा मुलगा दोन रविवार माझी वाट बघत बसला," ते म्हणाले, "आणि मी तुझ्या भिंतीमुळे आलो नाही." ते निघून गेले.

विल्फ्रिदोचा नंबर कोणाकडेच नव्हता. तो रस्त्यावरच्या फोनवरून बोलायचा. मग फिदेन्सियाने जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्या आठवड्यात फ्रेस्नोहून जो फोन येईल त्याला ती आधी थांबवायची. "आईशी नंतर बोल. विल्फ्रिदो सांतियागो कुठे राहतो माहितीये? त्याला सांग, तियाने घोळ घातला. रविवारी त्याच्या दोनला फोन कर म्हणावं. बाप रागावलेला नाही." सोमवारी तिघांना सांगितलं, मंगळवारी पाच जणांना. लिब्रादाची लेक वैतागली, "अहो तिया, फ्रेस्नो म्हणजे काय आपलं मैदान आहे, हाक मारली की येईल?"

"मग दुकानात सांग, देवळात सांग, मळ्यात मुकादमाला सांग. तोंड कशाला दिलंय देवाने?"

गुरुवारी तिने फोनच्या खोलीला कुलूप लावलं. अकरा वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदाच. वरची वाट तिला झेपत नव्हती. दोनदा बसावं लागलं. तिओ शेळ्यांच्या कुडाला काटे बांधत होते. त्यांनी तिला पाणी भरलेला वाळका भोपळा दिला, पण बसा म्हटलं नाही.

"रविवारी तीनला यायचं. देवाच्या तीनला," ती म्हणाली. "निरोप पोचला असेल की नाही ते मला माहीत नाही. पण तुम्ही तिथे असायला हवं."

"आणि नाही आला फोन तर?"

"तर मला वाटेल ते बोला. मी ऐकून घेईन."

तिओ काटे बांधत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या तोंडून हे ऐकायला मी दोन वेळा डोंगर उतरायला तयार आहे."

खाली उतरल्यावर तिने वाण्याकडून आणखी एक घड्याळ आणलं आणि पहिल्याशेजारी टांगलं. एकाखाली लिहिलं 'सरकार', दुसऱ्याखाली 'देव'. शनिवारी सभेत त्यावरून तक्रार आली. गावाने ठराव केला असताना सरकारचं घड्याळ भिंतीवर कशाला?

"टांगू देत की," एर्मिलो म्हणाला, "तिया आता दोन नवऱ्यांची बायको झाली."

फिदेन्सिया उठली. "ठरावाच्या दिवशी मीही हसले होते," ती म्हणाली. "पण तुमची पोरं फ्रेस्नोत आहेत. त्यांचा फोन ज्या वेळेला येतो ती वेळ मला ठेवावी लागते. तुम्हाला नको असेल तर घ्या हा भोंगा, सांभाळा." भोंगा घ्यायला कोणीच पुढे आलं नाही.

रविवारी तिओ देवाच्या एकलाच येऊन बसले. स्वच्छ सदरा घातलेला. दोन वाजले. अडीच झाले. फिदेन्सियाने टोपीचे तेच वेढे तीनदा उसवले. तीनला फोन वाजला. तो लिब्रादासाठी होता. फिदेन्सियाने "नंतर!" म्हणून रिसीव्हर आदळला. तीन वाजून सात मिनिटांनी परत वाजला.

"तिया? मुकादमाने सांगितलं, तुम्ही..."

तिने रिसीव्हर तिओंच्या हातात दिला आणि बाहेर मैदानात जाऊन उभी राहिली. दार उघडंच होतं. म्हातारा आधी नुसताच "हं, हं" करत होता. मग त्याने विचारलं, "तिला मक्याच्या भाकऱ्या करता येतात का?" आणि उत्तर ऐकून मोठ्याने हसला. मग त्याने आवाज उंच करून, जणू मुलगा समोर गुडघ्यांवर बसलाय अशा थाटात, गावच्या भाषेत आशीर्वाद म्हटला. तो लांबलचक होता. त्यात पूर्वजांची नावं होती, पावसाचं नाव होतं, आणि शेवटी सिनालोआच्या त्या मुलीचंही होतं. मैदानात चेंडू खेळणारे थांबून ऐकत होते.

लग्न ठरल्या दिवशी झालं. पुढे तिओंना दोन नातवंडं झाली. ती त्यांनी फोनवर ऐकली आणि फोटोत पाहिली. दोन हजार नऊमध्ये ते वारले.

त्याआधी दोन वर्षं अमेरिकेने आपल्या घड्याळांच्या तारखा बदलल्या, म्हणजे वसंतात तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा आणखी निराळा हिशेब. फिदेन्सियाने तोही पाठ केला. मग डोंगरावर मोबाइलचा खांब आला. एक दिवस असा आला की कोणीच आलं नाही. संध्याकाळी तिने खोली झाडली आणि तिथे मक्याची पोती ठेवायला लागली. वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं ऐकली. कान दुखायचे."

२०२२च्या ऑक्टोबरात सरकारने घड्याळं पुढे-मागे करणं कायमचं बंद केलं. गावात लोक म्हणाले, आम्ही तर सव्वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तोवर तिची मुलगी आमादा फ्रेस्नोला संसार थाटून होती. तिने आईचा व्हिसा करून घेतला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाहत्तर वर्षांची फिदेन्सिया पहिल्यांदा विमानात बसली.

तिथल्या पहिल्या रविवारी ती नेहमीप्रमाणे पहाटे उठली, दोन पेले चहा केला आणि लेकीला उठवायला लागली. आमादा डोळे चोळत म्हणाली, "आई, झोप गं अजून तासभर. आज घड्याळ मागे गेलंय."

"इथे अजून करतात?"

"दरवर्षी."

"आणि लोक ऐकून घेतात? सभा नाही झाली?"

"इथे सभा नसते, आई."

फिदेन्सिया खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "बरं, मग चहा निवतोय. मी पिते," आणि तिने दोन्ही पेले आपल्यापुढे ओढले.