उंबऱ्यावर आडवी

नारिन शहरात कायदा शिकणारी आयझिरेक मुळातच पुढेपुढे करणारी. समोरच्याचं वाक्यसुद्धा तीच पुरं करायची. बलात्कार सोसलेल्या बायकांना आधार देणाऱ्या संस्थेत ती इंटर्न म्हणून आली, तेव्हा संस्था चालवणाऱ्या सालकिन एजेंनी, म्हणजे सालकिनताईंनी, बजावलं होतं, की ठरवायचं ते त्या बाईने, आपण फक्त सोबत. आयझिरेकने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी एकीला घटस्फोट घे म्हणून सांगून मोकळी झाली. एजेंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. पुढे बरेच दिवस तिच्याकडे चहा ओतण्याचंच काम होतं.

आज मात्र बेगायिमला कोर्टात न्यायचं होतं. या बेगायिमला एका मुलाने लग्नासाठी भर बाजारातून पळवलेलं. डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधला आणि रात्री त्या मुलाने जबरदस्ती केली. सकाळी ती पळू पाहत होती, तर मुलाची आजी उंबऱ्यावर आडवी झाली. तिचे वडील पोलीस घेऊन येईपर्यंत बेगायिम त्या उंबऱ्याशी बसून राहिली. अशा म्हातारीला ओलांडलं तर तिचा शाप लागतो, हे इथल्या पोरींच्या हाडामासात भिनलेलं. आयझिरेकची आईही अशीच पळवलेली; ती अशाच उंबऱ्यापाशी थांबली आणि संसाराला लागली. ती हे हसत सांगते. आयझिरेकला कधीच हसू आलं नाही.

आता संस्थेचं दार उघडलं, तर तीच आजी उंबऱ्यावर कोट अंथरून पडलेली. नातवाविरुद्धची साक्ष अडवायला आली होती.

"जा, ओलांडून जा," आजी डोळे मिटूनच म्हणाली. "आयुष्यभर रडशील."

एजे कोर्टात वाट पाहत होत्या. वेळेवर पोचलं नाही तर साक्ष पुढे ढकलली जाणार, आणि तोवर गावकरी बेगायिमच्या वडिलांना समझोत्याला तयार करणार, हे आयझिरेकला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जिभेवर हुकूम आलाच होता. तो तिने गिळला.

"मागच्या खोलीला खिडकी आहे," ती म्हणाली. "तिथून जायचं का? तू सांग."

बेगायिमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला दारातून आत ओढलं होतं. मी दारातूनच जाणार."

आयझिरेकला राहवलं नाही. "आजी, शाप द्यायचाच तर आधी मला द्या," असं म्हणून तिने पाय उचलला. तेवढ्यात मागून बेगायिमने तिची बाही धरली.

"थांब. तू आधी गेलीस तर आजही मला कुणीतरी नेलं असंच होईल."

आयझिरेक बाजूला सरली. बेगायिमने झगा घोट्यावर उचलून धरला आणि म्हातारीला ओलांडून ती अंगणात उतरली. आजी शाप पुटपुटत राहिली. त्यातला आपल्या वाटणीचा घ्यायला आयझिरेकही तिच्यामागून उंबरा ओलांडून गेली.