आधी कोरं पाणी

काजळीवाली उजेडाला भ्यायची. लोक अंधाराला भेतात, हिचं उलटं. कॉलेजच्या लॅबमधल्या आतल्या खोलीत शिरली की आधी दाराच्या फटीला काळी चिकटपट्टी लावायची, मंग कुलपाच्या भोकाला, मंग मशीनवरच्या बारक्या लाल दिव्यालाबी. मी फरशी पुसायला आत गेले तर माझा मोबाइल बाहेर ठेवून घ्यायची. म्हणायची, "मावशी, माझा उजेड लय गरीब आहे. बाहेरचा जरा जरी आत आला तर त्याला खाऊन टाकेल."

तिचं नाव मोठं व्हतं, पुढं डॉक्टर लागायचं, पण गोळ्या-औषधाची डॉक्टर नाय. तिच्या बाटल्यांमधी काळं पाणी असायचं म्हणून मी तिला काजळीवाली म्हणायची. तिलाबी ते गोड लागायचं. त्या पाण्यात कार्बनच्या नळ्या हायेत म्हणायची, केसाहून लय बारीक. त्यांच्यावर मशीनचा उजेड मारायचा, मंग त्या नळ्या आपला उजेड टाकतात, अन् तो विझायला किती वेळ लागतो ते बघायचं. तो डोळ्याला दिसत नाय, मशीनलाच दिसतो, अन् पापणी लवायच्या लय आधी विझूनबी जातो. मी म्हनलं, अगं दिसत नाय, टिकत नाय, याचा तुला पगार देतात? तर म्हनली, तोबी वर्षावर्षाच्या करारावर, मावशी.

दुपारचा डबा मीच आणायची तिचा. पोर सटाण्याकडची, इथं एकटी खोली करून राहायची, सकाळी चहा-बिस्किटावर यायची. मी माझ्यासंगं तिच्या दोन भाकरी थापायची. उपाशी राहणं मला काय नवीन नव्हतं. मालक गेल्यावर झेंडूचं वावर दिरानं घेतलं, मंग लोकांच्या बागांत द्राक्षं खुडली, गुडघे गेले तवा इथं झाडू धरला. कुणाचं पोट भरलं का नाय ते मला तोंडावरून कळतं.

एकदा जेवताना तिनं सांगितलं, नळी अगदी निर्मळ असली तर उजेड तिच्यातून पळत सुटतो अन् टोकाला जाऊन फुकट जातो. म्हणून ती मुद्दाम नळीला खोट पाडायची. उजेड त्या खोटीत अडकतो अन् जरा सावकाश विझतो. मी म्हनलं, "मंग आमच्या घरात तर बारा महिने दिवाळी पाहिजे व्हती." ती हसली नाय. माझ्या वाटणीची चटणी उचलून खाल्ली.

तिचा एक नेम व्हता. काय बी मोजायचं तर आधी कोरं पाणी मोजायचं, नळ्या न घालता, अन् त्याच बाटलीत. कोरं पाणीच चमकलं तर समजायचं चोर घरातच हाय, तो उजेड नळ्यांचा नाय. मी बाटल्या धुवून उपड्या घालायची, तर रोज इचारायची, "मावशी, कोऱ्या पाण्याची कुठली?"

त्या साली करार सरत आला व्हता. मशीन सगळ्यांची, हिची पाळी थोडीच यायची. त्यातच नव्या बाटल्यांचं खोकं आलं. अन् एक दिवस तिला पाहिजे ते दिसलं. खोटीतला उजेड दोन चालींनी विझत व्हता, थोडा झटक्यात अन् बाकीचा रेंगाळत. त्या रेंगाळणाऱ्याला ती शेपूट म्हणायची. शेपूट लय लांब आलं. तिच्या सरांनी पेढे वाटले, मलाबी दिला. म्हनले, आता करार वाढतोय बघा.

अन् त्या दिवसापासून डबा भरलेला परत यायला लागला.

दोन-तीन दिवस मी तो तसाच घरी नेला. मंग झाकण उघडून तिच्यापुढं धरलं. इतकी शिकलेली पोर, घाबरली की तिच्या तोंडात घरची बोली यायची. म्हनली, "माले भेव वाटस, मावशी." त्या दिवशी घाईत तिनं कोरं पाणी जुन्या बाटलीतलं धरलं व्हतं, अन् नळ्या नव्या बाटलीत. मी म्हनलं, मंग बघ की आता. तर म्हनली, "बघितलं आणि शेपूट बाटलीचंच निघालं, तर करार गेला."

"अन् नाय बघितलं तर?"

ती उठून हात धुवायला गेली.

दोन दिवसांनी तिची पाळी आली. तिनं दाराला पट्टी लावली, मी बाहेर बादली उपडी घालून बसले. आतून मशीनची घरघर तेवढी. मालकांच्या वेळी दवाखान्यात बसले व्हते तशीच. बाहेर आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. म्हनली, नवी बाटलीच चमकते. सगळं नाय, पण शेपटाचा मोठा वाटा बाटलीचा.

तशीच सरांकडं गेली. मी पोछा घेऊन दाराशीच व्हते. सर वाईट नव्हते. डोकं धरून बसले अन् येवढंच म्हनले, "अगं, मी पेढे वाटले गं." त्यांनी वर इचारून पाहिलं, पण करार काय वाढला नाय.

सरांना सांगितलं त्या दुपारी मात्र डबा रिकामा आला. धुवून, पुसून.

स्टँडवर मीच गेले सोडायला. घरी काय सांगू म्हणत व्हती. गाडी लागली तवा इचारलं, "मी गप्प बसले असते तर, मावशी?" मी म्हनलं, "तर माझ्या भाकरी वाया गेल्या असत्या." अन् डबा तिच्या पिशवीत घातला.

ती तिकडं गावाकडं पोरांना शिकवती आता. मधी लय महिने फोन नव्हता. मी फरशी पुसताना त्या कुलपाच्या भोकाकडं बघायची, पट्टी तशीच हाय. मनात यायचं, पोरगी खाती का नाय. मंग परवा फोन आला. दुसऱ्या गावच्या मशीनवर तिला पाळी मिळाली व्हती. रडती का हसती कळंना. म्हनली, "मावशी, शेपूट आहे. आखूड आहे, पण कोऱ्या पाण्यात नाही."

मी इचारलं, "जेवली का?"

"आता जेवते," म्हनली.

डबा तिच्याकडंच हाय अजून. मी मागितला नाय.